हात आवरा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळ.

आजपासून आपलं घर इशाऱ्यावर चालणार. 'हस्तक' बसलं. पडेगावात पहिलंच. बहुधा मराठवाड्यातही. हॉलमध्ये दोन कॅमेरे, एक टीव्हीच्या वर, एक देवघराच्या बाजूला. हात हलवला की दिवा, पंखा, पडदे, टीव्ही, गीझर, पाण्याची मोटर. सगळं हातात, पण हात न लावता.

जुने स्विच काढून तिथं पुट्टी मारून घेतली. सायली म्हणाली, की निदान एखादा तरी राहू द्यायचा. पळवाट ठेवली की घरातली माणसं शिकत नाहीत, हे मी बायकोला शांतपणे समजावलं.

बसवायला आलेल्या माणसानं 'वेक जेश्चर' चालू करा म्हणून सुचवलं. म्हणजे आधी कपाळाला हात लावायचा, मग हुकूम द्यायचा. कपाळाला हात लावल्याशिवाय घर कुणाचंच ऐकणार नाही. मी नको म्हणालो. घर माझं, ईएमआय माझा, आणि सलाम मीच ठोकायचा? शिवाय सेन्सिटिव्हिटी 'उच्च'वर ठेवायला लावली. कमी सेन्सिटिव्हिटी साध्या गिऱ्हाइकांसाठी असते.

३० तारखेला कंपनीच्या करुणा मॅडम पुण्याहून तपासणीला येणार. अट अशी: आधीचा पूर्ण आठवडा घरानं एकदाही चुकून प्रतिसाद द्यायचा नाही, आणि घरात एक ज्येष्ठ नागरिक पाहिजे. जमलं तर 'ज्येष्ठस्नेही घर' असा शिक्का, आणि मी अख्ख्या संभाजीनगरचा सिटी पार्टनर. चितेगावच्या कंपनीतली परचेसची नोकरी त्याच दिवशी सोडणार. साहेबाला काय काय सुनावायचं ते ठरलं आहे.

ज्येष्ठ नागरिक म्हणून अण्णा आहेतच. त्यांना मागच्याच आठवड्यात दौलताबादहून, धाकट्या सुदर्शनकडून इकडं आणलं. निव्वळ योगायोग. खरं कारण फिजिओथेरपी. लकवा मारल्यापासून त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली. डोकं शाबूत आहे. डावा हात चालतो, त्या हातानंच सगळं बोलतात. बापाची जबाबदारी मी घेतल्याचं सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं.

५ नोव्हेंबर

उत्तम सुरुवात. अडचणी किरकोळ.

त्रिपुरी पौर्णिमा. सायलीनं आरती ओवाळली. पंखा पाचवर. निरांजन विझलं. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा ओवाळलं, पुन्हा पंखा. तिसऱ्यांदा ताम्हण आपटून आत गेली. ठरलं: यापुढं आरती मनातल्या मनात. देवाची हरकत नसावी.

राजनंदिनी कॉलेजला जाताना केस विंचरत होती. पडदे वर, खाली, वर, खाली. समोरच्या बिल्डिंगीत लोक गॅलरीत जमले. ठरलं: मुलीनं केस बाथरूममध्ये विंचरायचे.

मी एक डास मारला. गीझर लागला. ॲपमध्ये प्रत्येक चुकीच्या प्रतिसादापुढं तो कुणामुळं झाला ते येतं. निम्म्याहून जास्त ठिकाणी 'मास्टर' असं दिसतंय. मास्टर म्हणजे मी. ॲपमध्ये बग आहे. कंपनीला मेल टाकला.

८ नोव्हेंबर. दुपार.

फिजिओ आला होता. अण्णांना हात वर करा, गोल फिरवा, मूठ मिटा, उघडा असं सांगत होता. टीव्ही, पंखा, पडदा, मोटर, सगळं एकदम. घाबरून अण्णांनी हात आणखी जोरात हलवला. मग टीव्हीचा आवाज असा वाढला की खालचा वॉचमन वर आला. फिजिओला हा महिना येऊ नका म्हणून सांगितलं. तो म्हणाला, की साहेब, हेच तीन महिने महत्त्वाचे असतात. प्रत्येकाला आपला धंदा महत्त्वाचा वाटतो.

१० नोव्हेंबर

आज मुद्दाम रजा टाकली आणि दिवसभर निरीक्षण केलं. दुपारी अण्णांनी अंगठा तोंडाकडं नेला. दिवा लागला. पुन्हा नेला. दिवा गेला. पुन्हा. मग दोन्ही डोळे माझ्यावर रोखून, जोरात. पडदा. मी एक एक नोंद करून घेतली. असा स्वच्छ डेटा पुण्यातसुद्धा मिळायचा नाही.

सायली शाळेत शिकवून आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? अण्णांना पाणी दिलं का. म्हटलं, डेटा घेत होतो. त्यांनी पुरा तांब्या एका दमात संपवला. हिला वाटतं मी मुद्दाम केलं. मुद्दाम करणारा माणूस नोंदी ठेवत नाही.

१३ नोव्हेंबर. नळाचा दिवस.

अत्यंत वाईट दिवस.

आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो. आला की मोटर लावायची, वरची टाकी भरायची, आठवडा काढायचा. आज नळ आला तेव्हा मी फोनवर होतो. साहेब रजेबद्दल बोलत होता आणि मी त्याला हातवारे करून ठणकावत होतो. त्याच वेळी अण्णा नळाकडं बोट दाखवून हात हलवत होते. मोटर चालू, बंद, चालू, बंद. मग बंदच. टाकी कोरडी. बोलणं उरकून मी गेलो तोवर नळ गेलेला.

टँकर मागवला. सोसायटीतल्या बायका बघत होत्या.

ॲप सांगतं, मोटर बंद केली 'मास्टर'नं. पुन्हा तोच बग. उघड आहे की अण्णांनी केलं. ते तोंडानं नाही म्हणू शकत नाहीत, पण मानेनं 'नाही' म्हणाले, हे मला आवडलं नाही. माणसानं चूक कबूल करावी.

जेवताना सगळ्यांना सांगितलं: हात आवरा. जेवताना, बोलताना, हसताना. हात हे इशाऱ्यासाठी आहेत आणि इशारा फक्त मी करणार. राजनंदिनी म्हणाली, की बाबा, सेन्सिटिव्हिटी कमी करा ना, दोन मिनिटांचं काम आहे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आत्ताच बापाला शिकवायला लागली.

१५ नोव्हेंबर

अण्णांच्या बंडीला शिवणकामवालीकडून पुढं एक मोठा खिसा लावून घेतला. हात त्यात. दिसायलाही रुबाबदार.

१५ नोव्हेंबर. संध्याकाळ.

हात खिशातून काढतात.

१७ नोव्हेंबर

उपाय सापडला. सुती नाडा. मऊ आहे, वळ उठत नाही. खुर्चीच्या हाताला अण्णांचा हात हलका बांधला. आवळून नाही. आधी स्वतःला बांधून बघितलं, पाच मिनिटं, काही होत नाही. जाताना त्यांना टीव्हीवर कुस्त्या लावून दिल्या. मी गेल्यावर चॅनेल बदलता येणार नव्हतं, पण कुस्त्या त्यांना आवडतात.

चुकीचे प्रतिसाद: एकही नाही. ऑफिसात दिवसभर ॲप उघडून बघत होतो. फार बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर. रात्रीचं जेवण नाही.

सायली शाळेतून आली तेव्हा खुर्ची ओली होती. संडासला जायचंय हे सांगायला त्यांना हातच मोकळा नव्हता. शेजारच्या गोजरबाई दुपारी वाटी मागायला आल्या होत्या म्हणे, पण कुस्त्यांचा आवाज ऐकून, आत माणसं असतील म्हणून परत गेल्या.

खुर्ची नवी होती. मी एवढंच म्हणालो. एवढंच म्हणायला नको होतं, हे मला नंतर जाणवलं, पण तोवर सायलीनं नाडा कात्रीनं कापून माझ्या ताटात टाकला होता. तिनं अण्णांना आंघोळ घातली. दार लावून घेतलं होतं. आतून अण्णांचा आवाज येत होता, शब्द नसलेला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी टीव्हीचा आवाज वाढवायला हात केला. वाढला. यंत्रणा उत्तम काम करते.

१८ नोव्हेंबर

सुदर्शन आला. पेरूची पाटी घेऊन. कुणी कळवलं ते विचारलं नाही. मला म्हणाला, की भाऊ, बैलाला बी दावं लांब सोडतेत, तू तर बापाला आवळून बांधलं. वर म्हणाला, की अण्णाला मी घेऊन जातो, तुझ्या घरात दिवे लागू दे नाय तर जळू दे. मी शांत राहिलो. ३० तारखेपर्यंत ज्येष्ठ नागरिक कुठंही जाणार नाही, असं ठाम सांगितलं. ज्येष्ठ नागरिक नव्हे, वडील म्हणालो. बहुतेक.

अण्णांनी हातानं सुदर्शनला काहीतरी सांगितलं. पंखा लागला. अण्णांनी हात मागं घेतला.

निर्धार: यापुढं नाडा नाही. माणुसकी महत्त्वाची. दुसरा मार्ग शोधणार.

२० नोव्हेंबर

मार्ग सापडला! म्हणजे अण्णांना सापडला, पण ओळखला मी.

थंडी म्हणून सायलीनं अण्णांच्या मांडीवर मोठा टॉवेल टाकला होता. त्यांनी हात टॉवेलाखाली घेतला. टॉवेल थोडा हलतो, पण कॅमेऱ्याला काही कळत नाही. चुकीचा प्रतिसाद एकही नाही. मी याला 'टॉवेल प्रोटोकॉल' नाव दिलं. कंपनीला मेल टाकला, पेटंटचं विचारलं.

त्यांना जुनी सवय आहे म्हणा. अण्णा जन्मभर बैलबाजारात हेडी, म्हणजे गुरांचे दलाल, होते. दोन हेड्यांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. घरात तर त्यांनी आणि आईनं त्याच्या पलीकडं मजल मारली होती. पाहुणे बसलेले असताना पदराखाली हात घालून भूक, कंटाळा, कोण कधी जाणार, सगळं बोटांनी बोलायचे. सुदर्शन ते लहानपणीच शिकला. मला शिकवायला अण्णा दोन-तीनदा बसले होते, पण मला कॉम्प्युटरचा क्लास असायचा. करुणा मॅडमपुढं हा विषय काढायचा नाही. सिटी पार्टनरच्या बापानं बैल विकले हे बरं दिसत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजपासून मोजणीचा आठवडा. शून्याची सुरुवात.

सुदर्शन पुन्हा आला. भांडला नाही. मी जेवून पडलो होतो तेव्हा त्यानं सायलीला आणि राजनंदिनीला अण्णांची बोटं चोळायची पद्धत शिकवली म्हणे. टॉवेलाखाली हात घालून. फिजिओचा खर्च वाचला. शेवटी रक्ताचा भाऊ आहे.

२५ नोव्हेंबर

शून्य. घरात कुणीच हात हलवत नाही. जेवतानासुद्धा कोपर पोटाला लावून जेवतात. सायली माझ्याशी फारसं बोलत नाही, ही शिस्तीची खूण आहे.

मी एकदा शिंकलो, मोटर लागली. मोजायचं नाही. शिंक ही नैसर्गिक आपत्ती आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मन भरून आलं, म्हणून लिहून ठेवतो.

मी स्टुलावर चढून कॅमेऱ्याचा कोन सरळ करत होतो. खाली सोफ्यावर अण्णा मधे, सायली एका बाजूला, राजनंदिनी दुसऱ्या. तिघांचे हात टॉवेलाखाली. कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. अण्णा सायलीकडं बघत होते. सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं मान हलवली. मग राजनंदिनीनं मान हलवली. मग अण्णा हसले. अर्ध्याच तोंडानं, पण लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच हसले. मी विचारलं, की काय झालं. सायली म्हणाली, की काही नाही, हात चोळतोय.

लोक म्हणतात यंत्रांनी घरं तुटतात. येऊन बघा म्हणावं.

२९ नोव्हेंबर

उद्या तपासणी. साड्या इस्त्रीला टाका म्हणून सांगितलं तर सायलीनं कपाट अख्खंच उपसलं. दोन बॅगा भरून ठेवल्या आहेत. जुने कपडे वाटायचे असतील. चांगली गोष्ट आहे, उद्या घर मोकळं दिसेल. सिटी पार्टनरची कार्डं छापून आली. कागद जाड आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

करुणा मॅडम आल्या. वय कमी, बोलणं मोकळं. मी सगळी प्रात्यक्षिकं दाखवली. दिवा, पंखा, पडदे, सगळं चोख. घरचे तिघं सोफ्यावर, टॉवेल मांडीवर. आठवड्याचा अहवाल उघडला. शिंकेचं मी समजावून सांगितलं.

मॅडम अहवाल बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, की सर, चुकीचा प्रतिसाद एक, पण बरोबर हुकूमही फक्त तुमचेच दिसतायत, घरात बाकी कुणी हातच वापरत नाही का? मी म्हटलं, शिस्त. त्यांनी राजनंदिनीला दिवा लावायला सांगितलं. ती म्हणाली, की आम्हाला परवानगी नाही. मी हसलो. मुलं विनोद करतात.

मग मॅडमनी सेटिंग उघडलं आणि विचारलं, की वेक जेश्चर का बंद आहे? मी सलामाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, की अहो, ते चालू असतं तर हे काहीच झालं नसतं, आजोबांनी दिवसभर हात हलवला असता तरी घरानं बघितलंसुद्धा नसतं. आणि बोलता बोलता त्यांनी ते चालू केलं. एक बटण. टिक.

मग अण्णांपुढं बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, की आजोबा, आता बिनधास्त हलवा हात, काही होत नाही. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. हात टॉवेलाखालून काढला नाही.

निर्णय मेलनं कळवते म्हणून मॅडम गेल्या. एकंदरीत चांगलं झालं. कार्ड दिलं.

३० नोव्हेंबर. संध्याकाळ.

मॅडमची गाडी गेली आणि सुदर्शनची जीप आली. त्यानं अण्णांना उचलून खाली नेलं. सायलीनं बॅगा घेतल्या. कपडे वाटायचे नव्हते. तिची शाळा दौलताबादलाच आहे, तिला तिकडून सोयीचं पडेल म्हणाली. राजनंदिनी म्हणाली, की कॉलेजला बसनं येईन.

मी विचारलं, की हे कधी ठरलं? मला कसं कळलं नाही? राजनंदिनी म्हणाली, की गुरुवारी, बाबा. तुमच्यासमोरच ठरलं. तुम्ही स्टुलावर उभे होतात. आजोबांनी विचारलं, मी एकटा जाऊ का तुम्ही पण येता.

मी जिन्यात उभा राहिलो. निरोपाचा हात करायचा होता, पण सवय गेली.

४ डिसेंबर

शून्य. शून्य. शून्य. शून्य.

नळ येऊन गेला. कपाळाला हात लावायचा विसरलो, मोटर लागली नाही. पुट्टी फोडून बघितली, आत वायर नाहीत.

६ डिसेंबर

मेल आला. शिक्का नाही. कारण: 'तपासणीच्या संध्याकाळपासून सदर घरात ज्येष्ठ नागरिक राहत असल्याचे कॅमेऱ्यांत आढळत नाही.' खाली लिहिलंय, आठ दिवसांत पुरावा दिल्यास फेरविचार. म्हणजे आशा आहे. अण्णांना फक्त एका दिवसासाठी आणायचं, सोफ्यावर बसवायचं, फोटो काढायचा, संध्याकाळी परत. टॉवेलाचीही गरज नाही. उद्या दौलताबाद. सुदर्शननं आवाज चढवला तर मी चढवणार नाही.

७ डिसेंबर, रविवार

गेलो.

अण्णा अंगणात खाटेवर बसले होते. समोर गावातले जुने हेडी मोतीराम. अण्णांचा हात नुसता उडत होता. वर, खाली, शिंगं दाखव, वशिंड दाखव, कुणाची तरी चाल दाखव. मोतीराम मांडीवर थापा मारून हसत होते, म्हणत होते, की व्हय व्हय, तोच बैल, लई लबाड. पलीकडं सायली हातवारे करत सुदर्शनच्या बायकोशी बोलत होती. राजनंदिनी उन्हात केस विंचरत होती. नवा फिजिओ येऊन गेल्याचं कळलं. काहीही लागत नव्हतं, काहीही बंद होत नव्हतं.

फाटक वाजलं. अण्णांनी मला बघितलं. हात खाली आला. शेजारचा टॉवेल मांडीवर ओढून घेतला आणि हात त्याखाली गेला. मोतीराम पाणी पिऊन येतो म्हणून उठले. सायलीनं हात खाली घेतले.

मी सांगणार होतो, की अण्णा, आता गरज नाही, मी सेटिंग बदललंय. फोटोचं बोलणार होतो. त्याऐवजी खाटेवर शेजारी बसलो. कुणी उठ म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. मग मी टॉवेलाखाली हात घातला.

मला त्यातलं काही येत नाही. तरी वाटलं, काहीतरी दाबतील. शिवी असली तरी चालेल. आत त्यांची मूठ मिटलेली होती. मी ती उघडायचा प्रयत्न केला. पकड चांगली सुधारली आहे. फिजिओचा गुण म्हणायचा. बराच वेळ तशीच धरून बसलो, ती उघडली नाही. मला रडू आलं.

मी म्हणालो, अण्णा, मी विश्वजीत आहे. ते त्यांना माहीत होतं.